फिशटँकमध्ये स्टेम प्लांट लावायचे तर आधी कात्री घ्या

माझा पहिला स्टेम प्लांट मी दोन-अडीच महिने हातसुद्धा न लावता जपला. वाढतोय ना, मग कशाला डिवचायचं, असं. तो वाढत वाढत पाण्याच्या वरपर्यंत आला, तिथे जागा संपली म्हणून आडवा पसरला, वरून बघितलं की नुसतं हिरवंगार छप्पर, आणि मी जाम खूश. मग एकदा मासे दिसत नाहीयेत म्हणून वाकून काचेतून बघितलं तर खाली पानांचा पत्ता नाही, काळपट काड्या उभ्या फक्त. वरच्या पानांनी खालचा सगळा उजेड अडवला होता. एक काडी बोटाने जराशी हलवली तर ती बुडातून सुटली आणि अख्खं झाड तरंगत वर आलं, बुडाशी मऊ लगदा झालेला, वासाचं तर विचारूच नका.

म्हणून कोणी पहिल्यांदा जिवंत झाडं लावणार असेल तर मी आधी कात्री घ्यायला सांगतो. लांब दांड्याची, २५ सेंटीमीटरच्या आसपास, आणि तेवढाच लांब चिमटा. बाकीचं सामान हळूहळू जमवता येतं.

स्टेम प्लांट म्हणजे एक उभं खोड, त्यावर थोड्या थोड्या अंतराने पेरं आणि पेरापेरावर पानं. ऊस डोळ्यासमोर आणा. उसाचं बेणं लावताना कोणी मुळासकट ऊस उपटून आणत नाही, डोळा असलेलं कांडं लावतात आणि त्याला फुटवा येतो. इथे अगदी तेच, पेर शाबूत असलेला तुकडा मिळाला की त्याला मुळं पण फुटतात आणि बाजूचा कोंब पण. शाळेत ज्याच्यावर नरसाळं पालथं घालून वर परीक्षानळी उलटी ठेवायचो आणि बुडबुडे बघायचो ना, तो हायड्रिला पण स्टेम प्लांटच. जावा फर्न आणि अनुबियास मात्र यात येत नाहीत, त्यांचं खोड आडवं जाडसर असतं, ते वाळूत पुरलं की सडतं, त्यांना दगडाला नाहीतर लाकडाला बांधतात. व्हॅलिस्नेरिया आणि अमेझॉन स्वोर्ड पण वेगळे, त्यांची सगळी पानं बुडातून निघतात, त्यांचा शेंडा कापून नवीन झाड होत नाही. पुढे लिहिलंय ते यांच्यावर करू नका, नंतर मला शिव्या पडतील.

कोणती घ्यायची

पहिलं नाव हायग्रोफिला पॉलिस्पर्मा. हे झाड मरत नाही. म्हणजे ठरवून मारलं तर मरेल, पण साधा लाईट, साधी वाळू, खत विसरलात, पाणी बदलायला उशीर झाला, तरी ते आपलं वाढतच असतं. त्याचंच भावंड म्हणजे वॉटर विस्टेरिया, हायग्रोफिला डिफॉर्मिस, पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, जागा भरपूर खाते, छोट्या टँकमध्ये एकच काडी पुरे.

हॉर्नवर्टला मुळंच नसतात. ते पुरायचं नाही, पुरलेला भाग कुजतो, नुसतं सोडून द्यायचं किंवा दगडाखाली हलकंसं दाबायचं. नवीन टँकमध्ये याच्यासारखं दुसरं झाड नाही, पण नवीन पाण्यात गेलं की पहिल्या आठवड्यात सुयांसारखी पानं झाडतं आणि त्या सगळ्या फिल्टरच्या तोंडाशी जाऊन बसतात, तेव्हा आधीच स्पंजचा तुकडा लावून ठेवा. एजेरिया डेन्सा, म्हणजे अनाकारिस म्हणून मिळतं ते, हे पण तितकंच सोपं, फक्त त्याला थंड पाणी आवडतं, सतत २८ अंशांच्या वर पाणी राहत असेल तर ते बारीक आणि लुळं होतं.

बकोपा कॅरोलिनियाना माझा लाडका. जाडसर गोल पानं, अगदी सरळसोट वाढतो, हळू वाढतो, पान चुरगळून वास घ्या, लिंबासारखा येतो. ज्यांना दर आठवड्याला कापाकापी जमणार नाही त्यांनी हाच घ्यावा. अंबुलिया म्हणजे लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा, शेपटीसारखी झुबकेदार, कॅबोम्बाची हौस असेल तर त्याऐवजी ही घ्या, दिसायला जवळपास तशीच आणि नखरे फार कमी. लालसर काही हवं असेल तर लुडविजिया रेपेन्स आणि रोटाला रोटुंडिफोलिया, पण एक सांगून ठेवतो, साध्या लाईटमध्ये या फोटोतल्यासारख्या लाल होत नाहीत, तांबूस-हिरव्या राहतात, त्यात झाडाची काही चूक नाही. रोटाला मॅक्रांड्रा आणि अल्टरनांथेरा या लालभडक मंडळींना सध्या हात लावू नका.

आणखी एक. ॲक्वेरियमचं झाड म्हणून कधी कधी लकी बांबूसारखी जमिनीवरचीच झाडं पण विकतात. मुळं पाण्यात आणि पानं हवेत असतील तर तो वर्षानुवर्षं टिकतो, पण अख्खा बुडवला की काही आठवड्यांत सडायला लागतो. नाव विचारून, शोधून मगच घ्या.

आणल्यावर लगेच लावू नका

ही झाडं बहुतेकदा जुडी बांधून मिळतात, खाली शिशाची पट्टी नाहीतर रबर, किंवा छोट्या जाळीच्या कुंडीत कापसासारख्या धाग्यांत. हे सगळं काढायचं. पट्टीच्या खाली खोड दबून काळं पडलेलं असतं, ती दोन-तीन सेंटीमीटर सरळ छाटून टाका. धागे बोटांनी सोडवत बसावे लागतात, कंटाळवाणं काम आहे पण करा, नाहीतर ते वाळूतून वर येऊन पाण्यात फिरत राहतात.

मग वाहत्या पाण्याखाली एकेक काडी धुवायची आणि पानाची खालची बाजू बघायची. तिथे पारदर्शक जेलीचा थेंब दिसला, आत बारीक ठिपके असले, तर ती गोगलगायीची अंडी. नखाने खरवडून काढा किंवा ते पानच तोडा. माझ्याकडे एका अशाच थेंबातून इतक्या गोगलगायी झाल्या की काच सकाळी ठिपक्याठिपक्यांची दिसायची, गोगलगायी तशा वाईट नसतात, उरलंसुरलं खातात, पण नको असतील तर आत्ताच बघा. शक्य असेल तर झाडं आठवडाभर बादलीत उजेडात ठेवून पाणी दोन-तीनदा बदला, आणि टँकमध्ये झिंगे असतील तर हे नक्कीच करा, कारण नर्सरीत कीटकनाशक मारलेलं असू शकतं, त्यातलं थोडंसं सुद्धा झिंग्यांना पुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच निम्मे लोक हार मानतात. नर्सरीत ही झाडं बरेचदा पाण्यात वाढवतच नाहीत, मुळं ओली आणि पानं दमट हवेत अशी वाढवतात, कारण तिथे ती भराभर वाढतात आणि शेवाळ धरत नाही. ती हवेतली पानं पाण्यात कामाची नसतात. त्यामुळे तुम्ही लावल्यावर आठ-दहा दिवसांत पानं पिवळी, मग काचेसारखी पारदर्शक, मग गळाली, असं व्हायला लागतं आणि माणूस घाबरून खत ओततो, लाईट वाढवतो, झाड उपटून बघतो. काही करू नका. नजर शेंड्यावर ठेवा. रोटालामध्ये हे फार छान दिसतं, खालची पानं गोल, नाण्यासारखी, आणि शेंड्यातून जे नवीन निघतं ते एकदम बारीक, लांबट, जणू दुसरंच झाड. विस्टेरियाचं पण तसंच, आधीची पानं अख्खी आणि नवीन चिरलेली. शेंडा हिरवा आहे आणि नवीन पान आलंय म्हणजे झाड पाण्यात रुळलं. दोन ते तीन आठवडे लागतात. या काळात फक्त गळालेली पानं जाळीने काढत राहा, ती कुजली की अमोनिया होतो, माशांना तो विषारी.

लावणी

तळाला बारीक खडी किंवा जाडसर वाळू, दाणा एक ते तीन मिलिमीटरचा, थर पाच-सहा सेंटीमीटरचा, मागे थोडा जास्त. गोट्यांसारखी मोठी खडी असेल तर काड्या टिकत नाहीत, मुळं धरायच्या आतच वर येतात. पीठासारखी बारीक वाळू असेल तर ती घट्ट बसते, तिथे थर कमी ठेवा. महागडी ॲक्वासॉइल, म्हणजे पाणझाडांसाठी मिळणारी खास माती, या झाडांना लागत नाही.

काडी दहा-पंधरा सेंटीमीटरची घ्या. खालच्या दोन पेरांवरची पानं काढून टाका, ओरबाडू नका, देठाशी कात्रीने कापा. ही उघडी पेरं वाळूत जाणार, मुळं तिथूनच फुटणार. पानांसकट पुरलं तर पानं वाळूत कुजतात आणि शिवाय खोडाला वर ढकलतात. आता चिमट्यात काडीचं बूड धरा, चिमटा खोडाच्या रेषेत हवा, आडवा नको, आणि जरा तिरका करून वाळूत तीन-चार सेंटीमीटर खुपसा. मग चिमटा सैल करायचा, किंचित हलवायचा आणि हळूच तिरकाच बाहेर काढायचा. सरळ वर ओढलात की काडी पण मागोमाग येते. पहिल्या दिवशी माझ्या बारा काड्यांपैकी नऊ वर आल्या होत्या, शेवटी फिल्टर बंद केला, पाणी अर्धं काढलं आणि मग लावल्या, तेव्हा कुठे जमलं. अर्ध्या पाण्यात लावणं खरंच सोपं पडतं.

एका भोकात चार काड्यांची जुडी खुपसायची नाही. एकेक काडी, मध्ये दोन बोटं अंतर. आज विरळ दिसेल, महिन्याभराने दिसणार नाही. आणि एकच काडी सुटी सुटी सगळीकडे लावण्यापेक्षा एका जातीच्या सहा-सात काड्या एका ठिकाणी लावा, स्टेम प्लांट घोळक्यातच चांगले दिसतात. जागा मागची किंवा कोपऱ्याची.

गोल्डफिश असेल तर ही मेहनत तो एका दुपारी खाऊन टाकतो. मोठे सिक्लिड जातीचे मासे खात नाहीत बहुतेक, पण उकरतात. त्यांच्याबरोबर तरंगतं हॉर्नवर्ट ठेवून बघा, तेही गोल्डफिश कुरतडतो पण ते त्याच्यापेक्षा जोरात वाढतं.

लाईट आणि खाणं

लाईट किती वॅटचा यावर लोक खूप वाद घालतात. या झाडांना साधा पांढरा एलईडी चालतो, ६५०० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, फक्त टँक फार खोल नको, ४५ सेंटीमीटरच्या पुढे खाली उजेड कमी पोचतो. वॅटपेक्षा तास महत्त्वाचे. सुरुवातीला सहा तास, झाडं रुळली की आठ, त्याच्या वर नाही. आणि टायमर लावा, प्लीज, हाताने चालू-बंद करणार असाल तर एक दिवस चार तास आणि एक दिवस चौदा तास होणारच आणि शेवाळ खूश होणार. खिडकीतलं थेट ऊन टँकवर येऊ देऊ नका, फुकटचा उजेड आहे पण तो तुमच्या ताब्यात नसतो.

सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर लागतो का? वर सांगितलेल्या झाडांना नाही लागत. त्याने वाढीचा वेग आणि लाल रंग वाढतो, बस. उलट सीओटू नसताना फार जोरदार लाईट लावला तर झाडांना तो वापरता येत नाही आणि उरलेला उजेड शेवाळ वापरतं. सीओटू नसेल तर लाईट मध्यम, एवढं पाळलं की झालं. लिक्विड कार्बन म्हणून बाटली मिळते त्यात बरेचदा ग्लुटारल्डिहाइड हे जंतुनाशक रसायन असतं, एजेरिया आणि हॉर्नवर्टला ते सोसत नाही, मी वापरत नाही.

खताचं म्हणाल तर निम्मं खत मासेच देतात. त्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतं, आणि अमोनिया तर बरीचशी पाणझाडं नायट्रेटच्या आधी उचलतात, म्हणूनच नवीन टँकमध्ये भराभर वाढणारी झाडं भरपूर लावायची. कमी पडतं ते मुख्यतः पोटॅशियम आणि लोह. सगळी द्रव्यं एकत्र असलेलं एखादं लिक्विड खत, बाटलीवर लिहिलेल्याच्या निम्म्या डोसने, आठवड्यातून एकदा पाणी बदलल्यावर. स्टेम प्लांट पानांतून पण खाणं घेतात, त्यामुळे मुळाशी गोळ्या पुरल्या नाहीत तरी चालतं.

झाड काय मागतंय ते पानांवर लिहिलेलं असतं, फक्त कुठल्या पानांवर ते बघायचं. जुनी, खालची पानं अख्खी पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी, कारण झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि भोवती पिवळी कड दिसली तर पोटॅशियम, हायग्रोफिला हे फार लवकर दाखवते. शेंड्याची नवीन पानंच फिकट, जवळजवळ पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह, कारण लोह जुन्या पानातून नव्यात हलवता येत नाही. आणि नुसती खालचीच पानं गळतायत, बाकी सगळं ठणठणीत, तर खत बित काही नको, खाली उजेड पोचत नाहीये, कात्री काढा.

पाणी दर आठवड्याला पाव भाग बदला, क्लोरीन काढून. पाणी बदलल्यावर पानांवर, काचेवर, सगळीकडे बुडबुडे चिकटतात, त्याला प्रकाशसंश्लेषण समजून फोटो काढू नका, मी काढलेत, ती नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा असते. खरे बुडबुडे पानाच्या कडेवरून नाहीतर कापलेल्या खोडाच्या टोकातून एकामागे एक, दोऱ्यात ओवल्यासारखे वर जातात. रात्री मात्र झाडं पण ऑक्सिजनच घेतात, त्यामुळे टँक गच्च भरलेला असेल तर फिल्टरने पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा, सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर हेच कारण असू शकतं.

कापणी

शेंडा पाण्याच्या पृष्ठभागापासून चार-पाच बोटं खाली आला की कापायचं, वर पोचायची वाट बघायची नाही. कापायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली, नुसता शेंडा उडवायचा. पेराच्या जरा वर कापा, खाली जे पेर उरलं त्याच्या दोन्ही बाजूंनी कोंब फुटतात, एकाचे दोन होतात. आठवड्याभरात पानाच्या बगलेत हिरवा ठिपका दिसायला लागतो, मोहरीएवढा, मग त्याला दोन पानं येतात. असं दोन-तीनदा केलं की घोळका दाट होतो. कापताना पुढच्या काड्या बुटक्या आणि मागच्या उंच अशा उतारावर कापा, म्हणजे पुढच्यांची सावली कोणावर पडत नाही आणि दिसतं पण छान.

पण प्रत्येक वेळी वरून कापत राहिलात तर चार-पाच कापण्यांनंतर बुंधे म्हातारे होतात, लाकडासारखे, पानं झडलेली, त्यावर काळं केसाळ शेवाळ. तेव्हा दुसरी पद्धत. वरचे चांगले, ताजे दहा-पंधरा सेंटीमीटरचे शेंडे कापून घ्यायचे, जुने बुंधे मुळांसकट उपटून फेकायचे आणि शेंडे त्याच जागी नव्याने लावायचे. जीव तुटतो पहिल्यांदा, इतके दिवस वाढवलेलं झाड टाकायचं म्हणजे काय! पण टँकमध्ये आज जी हायग्रोफिला आहे ती मी आणलेल्या काडीच्या शेंड्याच्या शेंड्याचा शेंडा आहे, मूळची काडी कधीच गेली. उपटताना भसकन ओढू नका, मुळांबरोबर तळातला सगळा गाळ वर येतो. बुंध्याशी धरून हळूहळू, आणि लगेच पाणी बदला. घोळका मोठा असेल तर अर्धा आज, अर्धा दोन आठवड्यांनी, एकदम सगळी झाडं काढली की अमोनिया उचलायला कोणी उरत नाही आणि शेवाळाला मोकळं रान मिळतं.

खोडाच्या मधल्या पेरांतून पांढरी मुळं पाण्यात लोंबायला लागली तर घाबरू नका, ती हवीच असतात. नको वाटली तर कापा, झाडाला फरक पडत नाही. शेंडा कापताना अशी मुळं असलेलं पेर कापलेल्या शेंड्याच्या बुडाशी येईल असं बघा, लावल्यावर आठवड्यात पकड धरतं.

हायग्रोफिला आणि अंबुलियाला चांगल्या लाईटमध्ये एक-दोन आठवड्यांनी कापावं लागतं, बकोपाला महिना-दीड महिना काही लागत नाही. पानांवर शेवाळ आलं तर ते पान पुसत बसू नका, ते पान संपलं, कापा, आणि लाईटची वेळ एका तासाने कमी करा. नवीन टँकमध्ये पहिल्या महिन्यात तपकिरी धूळ बसल्यासारखं होतं ते डायटम्स, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ, बोटाने जातं आणि काही आठवड्यांत आपोआप कमी होतं.

कापून झाल्यावर तरंगणारे तुकडे जाळीने सगळे गोळा करा. एखादं पेर जरी फिल्टरमागे अडकलं तर तिथे झाड उगवतं, माझ्या हीटरच्या मागे एक अख्खी विस्टेरिया सापडली होती. कोणाला हवे असतील तर शेंडे ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत द्या, दोन दिवस आरामात टिकतात. उरलेले मात्र नाल्यात, तळ्यात, संडासात कुठेही टाकायचे नाहीत. हायड्रिला ॲक्वेरियमच्या व्यापारातून १९५० च्या दशकात फ्लोरिडात पोचला आणि तिथली तळी-नद्या त्याने भरून टाकल्या, आणि आपली गरीब बिचारी हायग्रोफिला पॉलिस्पर्मा अमेरिकेत उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत आहे. जे झाड टँकमध्ये मरत नाही ते बाहेरही मरत नाही. मी तुकडे वर्तमानपत्रावर पसरून उन्हात दोन-तीन दिवस वाळवतो, हातात घेतल्यावर कुरकुरीत चुरा झाला की कुंडीतल्या मातीत मिसळतो.